दुकानाचा हिशेब लिहिला, वसीयतीचे काय?

वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी यांपैकी कोणत्याही बाजारपेठेत फेरी मारली तरी आपले बांधव नाना धंद्यांत दिसतात. कुणाचे कापडाचे दुकान आहे, कुणाचा गादी-रजईचा कारखाना, कुणी फळांचा ठोक व्यापार करतो, कुणी भंगार, वेल्डिंग, टायर, शिवणकाम किंवा लाकूडकामात आहे. रात्री दुकान बंद करण्यापूर्वी दिवसभराचा रोजमेळ जुळवल्याशिवाय यांतील बहुतेकांना झोप येत नाही. पण हाच हिशेबी माणूस एका बाबतीत अगदी बेसावध असतो. आपण उद्या नसलो तर दुकान, घर, देणे-घेणे आणि मागची माणसे यांचे काय, याबद्दल त्याच्या कपाटात एक ओळ लिहिलेली सापडत नाही.

विचारले तर ठरलेले उत्तर मिळते : "आपल्यात वाटे शरीयतने ठरवून दिलेले आहेत. वसीयतीची गरज काय?" हे उत्तर निम्मे बरोबर आहे. वारसांचे वाटे ठरलेले आहेत, त्यात फेरफार करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण उरलेले निम्मे चूक आहे. वाटे ज्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत अशी माणसेही आपल्याच घरात असतात. त्यांच्यासाठी शरीयतने एक दरवाजा उघडा ठेवला आहे, आणि तो आपण स्वतःच्या हाताने बंद ठेवतो. या लेखात आम्ही मुख्यतः त्या दरवाजाविषयी लिहिणार आहोत.

आधी क्रम समजून घ्या

माणसाचा इंतकाल झाल्यावर त्याच्या मालमत्तेतून चार गोष्टी क्रमाने होतात. पहिला खर्च कफन-दफनाचा. दुसरे कर्ज. तिसरी वसीयत, आणि तीही उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच. चौथे, जे शिल्लक राहील त्याची वारसांत वाटणी. कुरआन शरीफमध्ये सूरह निसाच्या ११, १२ आणि १७६ या आयतींत वाटे सांगितले आहेत, आणि त्याबरोबरच वसीयत व कर्ज आधी, वाटणी नंतर, हेही बजावले आहे.

आपल्याकडे नेमका हाच क्रम उलटा होतो. चाळिसावा उरकला की भाऊ वाटणीला बसतात, आणि देणेकरी दारात आला की "अब्बांनी सांगितले नव्हते" म्हणतात. ठोक व्यापाऱ्याची उधारी हे कर्ज आहे. मित्राकडून हातउसने घेतलेले, ज्याला कागद नाही, तेही कर्ज आहे. आणि सर्वांत जास्त विसरले जाणारे कर्ज म्हणजे बायकोचा न दिलेला मेहर. मय्यतीजवळ बसवून बेवा बाईकडून "माफ केला" असे वदवून घेण्याची रीत अजून काही घरांत आहे. दुःखात बुडालेल्या बाईकडून अशा वेळी घेतलेल्या शब्दाला माफी म्हणायला आमचे मन धजत नाही. कायद्यानेही मेहर हे नवऱ्याच्या मालमत्तेवरील देणे आहे. मेहरच्या बदल्यात नवऱ्याची मिळकत रीतसर आणि बिनतक्रार बेवेच्या ताब्यात आली असेल, तर मेहर मिळेपर्यंत तो ताबा तिला राखता येतो.

तेव्हा वसीयतीच्या कागदावर पहिले कलम देण्याचे असावे : कुणाचे किती द्यायचे, मेहर किती ठरला होता, त्यातील किती दिला आणि किती बाकी आहे.

एक तृतीयांश कुणासाठी?

वसीयतीला दोन मर्यादा आहेत. एक, ती एक तृतीयांशापेक्षा जास्त असू नये. दुसरी, ती वारसाच्या नावे असू नये. हनफी मसलकाप्रमाणे ज्याला वाटा मिळणारच आहे त्याला वसीयतीने आणखी देता येत नाही. दिलेच, तर इतर वारसांनी इंतकालानंतर संमती द्यावी लागते. एक तृतीयांशाहून जास्त दिले तरी तीच अट. शिया कायद्यात मात्र एक तृतीयांशाच्या आत वारसालाही संमतीशिवाय देता येते. 

मग हा तृतीयांश आहे कुणासाठी? आम्ही म्हणतो, पहिला हक्क यतीम पोत्याचा.

बाप हयात असताना तरुण मुलगा वारला, मागे बायको आणि दोन लेकरे राहिली. हे दुःख आपल्या कितीतरी घरांनी पाहिले आहे. पुढे आजोबा वारले आणि त्यांचा दुसरा मुलगा हयात असला, तर वारलेल्या मुलाच्या लेकरांना आजोबांच्या मालमत्तेत वाटा मिळत नाही. जवळचा वारस दूरच्याला वगळतो, हा नियम आहे. सुनेला तर वाटा नसतोच. वारलेल्या मुलीच्या लेकरांचीही अशा वेळी तीच स्थिती. काल ज्या घरात ती लेकरे आजोबांच्या मांडीवर खेळली, त्याच घरात ती आता चुलत्याच्या मर्जीवर राहतात. चुलता भला असेल तर निभते. नसेल तर सून लेकरांना घेऊन माहेरची वाट धरते.

इतर देशांनी या प्रश्नावर कायदे केले. इजिप्तने १९४६ साली अशा नातवंडांसाठी एक तृतीयांशाच्या मर्यादेत सक्तीची वसीयत मानली. पाकिस्तानने १९६१ च्या कौटुंबिक कायद्यात वारलेल्या मुलाचा वाटा त्याच्या लेकरांना दिला. भारतात मुस्लिमांसाठी असा कायदा नाही. म्हणून येथे आजोबांची लेखणी हाच त्या लेकरांचा कायदा आहे. पोता आजोबांचा वारस ठरत नाही, म्हणूनच त्याच्या नावे वसीयत करता येते. मात्र आजोबांचा दुसरा मुलगा हयात नसेल तर पोता स्वतःच वारस होतो. मग वसीयतीची बाब वेगळी होते, हेही ध्यानात ठेवावे.

हिशेब करून पाहू

समजा, हिंगणघाटच्या एका व्यापाऱ्याची घर, गाळा, माल आणि रोकड मिळून मालमत्ता २९ लाखांची आहे. ठोक व्यापाऱ्यांचे देणे ४ लाख, बायकोचा बाकी मेहर ५० हजार, दवाखाना व कफन-दफनाचा खर्च ५० हजार. देणे फिटल्यावर उरले २४ लाख. मागे बायको, एक मुलगा आणि दोन मुली आहेत. दुसरा मुलगा बापाआधी वारला, त्याची दोन लेकरे आहेत. व्यापाऱ्याचे आईवडील हयात नाहीत.

वसीयत नसेल तर बायकोला आठवा हिस्सा म्हणजे ३ लाख, मुलाला साडेदहा लाख, प्रत्येक मुलीला सव्वापाच लाख. यतीम लेकरांना शून्य.

आता वसीयत आहे असे धरू. २४ लाखांचा तृतीयांश ८ लाख. आजोबांनी त्यातील ७ लाख यतीम लेकरांना आणि १ लाख गावातल्या गरीब मुलांच्या शिक्षणाला लिहून ठेवले. उरले १६ लाख. त्यात बायकोला २ लाख, मुलाला ७ लाख, प्रत्येक मुलीला साडेतीन लाख. मजा पाहा. दोन्ही मुलगे हयात असते आणि वसीयत नसती, तर या मुलाच्या वाट्याला बरोबर ७ लाखच आले असते आणि मुलींना साडेतीन. भाऊ जिवंत असता तर जे मिळाले असते तेच मिळाले, मग चुलत्याचे नुकसान कोणते झाले? बायकोचा वाटा मात्र एक लाखाने कमी झाला. म्हणूनच तिचा मेहर आधी चुकता करणे आणि हयातीतच तिच्या निवाऱ्याची सोय पाहणे जरूर आहे.

हजरत सअद बिन अबी वक्कास आजारी असताना त्यांनी सारी दौलत दान करण्याची इजाजत मागितली, तेव्हा रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी तृतीयांशापलीकडे जाऊ दिले नाही, तृतीयांशही पुष्कळ झाला असे फर्मावले, आणि वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत ठेवणे बरे, अशी समज दिली. ही हदीस आपण जाणतो. तिच्यातून मर्यादा घेतो, पण वारसांबाहेरच्या गरजवंताची सोय करून ठेवण्याची परवानगी मात्र विसरतो.

मूंहबोला बेटा

यतीम पोत्याच्या पाठोपाठ दुसरा माणूस म्हणजे घरात वाढवलेला मुलगा. वर्ध्याला हा विषय नवा नाही. जमनालाल बजाज मूळचे राजस्थानातील सीकरजवळच्या खेड्यातले. १८८९ साली जन्मलेला हा मुलगा लहानपणीच वर्ध्याच्या सेठ बच्छराजजींच्या घराण्यात नातू म्हणून दत्तक आला. सतराव्या वर्षी बच्छराजजींच्या रागाचे बोल लागले, तेव्हा त्याने पत्र लिहून साऱ्या दौलतीवरचा हक्क सोडला होता. पुढे समेट झाला. त्याच जमनालालजींनी नंतर गांधीजींना वर्ध्यात आणले, आणि संपत्तीकडे विश्वस्ताच्या नात्याने पाहण्याचा गांधीजींचा विचार पेढी चालवता चालवता पाळण्याचा यत्न केला. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यातच त्यांचे निधन झाले.

आपल्या दृष्टीने यातली गोष्ट एवढीच की हिंदू कायद्यात दत्तक मुलगा वारस होतो, म्हणून त्याला सोडण्यासाठी हक्क तरी होता. आपल्या शरीयतीत दत्तकाने वारसा मिळत नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला बाल न्याय कायद्याखाली रीतसर दत्तक घेण्याची मुभा मान्य केली, पण तो वेगळा कायदेशीर मार्ग आहे. बहिणीचा पोरका मुलगा आणून दुकानात बसवला, त्याने वीस वर्षे गल्ला सांभाळला, लोक त्याला तुमचाच मुलगा समजतात, तरी मुलेबाळे हयात असताना तुमच्या मागे त्याचा हक्क एका खुर्चीवरही नाही. त्याला द्यायचे असेल तर वसीयत करा, किंवा हयातीत हिबा करा. "माझी मुले त्याला टाकणार नाहीत" हा भरवसा कागदावर उतरवायला काय हरकत आहे?

लेकरांचा पालक कोण?

हा मुद्दा फार थोड्यांना ठाऊक असतो. तुमची मुले लहान असताना तुमचा इंतकाल झाला, तर त्यांच्या मिळकतीची पालक त्यांची आई आपोआप होत नाही. लेकरे तिच्याजवळ राहतील, पण मिळकतीचे पालकत्व क्रमाने बाप, बापाने नेमलेला वसी, आजोबा आणि आजोबांनी नेमलेला वसी यांच्याकडे असते. यांपैकी कुणी नसेल तर न्यायालय १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली पालक नेमते. आईने स्वतःच्या सहीने लहान मुलांची जागा विकली तर तो व्यवहार टिकत नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने १९१८ सालीच सांगून ठेवले आहे.

उपाय सोपा आहे. वसीयतीत वसी नेमता येतो, आणि बाप आपल्या बायकोलाच वसी नेमू शकतो. मग वर्ध्याच्या कोर्टात हेलपाटे न घालता तिला बँकेतला आणि दुकानातला कारभार पाहता येतो. वर सांगितलेल्या उदाहरणातले आजोबाही विधवा सुनेला यतीम लेकरांसाठी वसी नेमू शकतात. बायका व्यवहार सांभाळू शकत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या घरची उधारीची वही कुणाच्या तोंडपाठ आहे ते एकदा तपासावे.

गाळा, भागीदारी आणि नामनिर्देशन

धंद्याच्या बाबतीत तीन गैरसमज दिसतात.

पहिला, भाड्याच्या गाळ्याविषयी. भाडेहक्क म्हणजे मालकी नव्हे. भाडेकरूला आपला भाडेहक्क वसीयतीने कुणाला देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली मुंबई भाडे कायद्याखालील एका प्रकरणात स्पष्ट केले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरूच्या पश्चात कुणी राहायचे हे सांगितले आहे, आणि त्यात त्या जागेत त्याच्याबरोबर धंदा करणाऱ्या कुटुंबीयाला महत्त्व आहे. ज्याने पुढे दुकान चालवावे असे वाटते त्याला आजपासूनच दुकानात बसवा, आणि कागदोपत्रीही त्याचा सहभाग दिसू द्या.

दुसरा, भागीदारीविषयी. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे वेगळा करार नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूबरोबर भागीदारी संपते. दोन भावांचा तोंडी चाललेला कारखाना एकाच्या इंतकालानंतर कोर्टात जातो तो यामुळेच. भागीदारीपत्र करा. भागीदार वारल्यास त्याच्या वारसांचा हिस्सा कसा मोजायचा, किती दिवसांत द्यायचा, हे त्यात लिहा.

तिसरा, नामनिर्देशनाविषयी. बँकेच्या खात्यावर थोरल्या मुलाचे नाव लावले म्हणजे पैसे त्याचे झाले, असे नाही. तो पैसे स्वीकारणारा आहे, मालक वारस आहेत. सर्वोच्च न्यायालयाने बँक ठेवींबाबत २०१० साली आणि कंपनीच्या शेअरबाबत २०२३ साली हेच म्हटले. आयुर्विम्याचा नियम मात्र २०१५ पासून बदलला आहे. तेथे आईवडील, पती-पत्नी किंवा मुले यांचे नामनिर्देशन त्यांना लाभाचा हक्क देऊ शकते.

हिबा, ट्रस्ट, वक्फ

हयातीत देण्याला तृतीयांशाची मर्यादा नाही. हिब्याला तीन गोष्टी लागतात : देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा देणे. नुसता कागद करून चाव्या आपल्याच खिशात ठेवल्या तर हिबा टिकत नाही. शेवटच्या आजारात केलेल्या हिब्याला वसीयतीच्याच मर्यादा लागतात. मुलाला ताब्यासह दिलेला हिबा सहसा परत घेता येत नाही, तेव्हा राहते घर देऊन स्वतः उघड्यावर पडू नये. आणि एका मुलाला सर्व देऊन बाकीच्यांना डावलू नये. एका सहाबींनी एकाच मुलाला दिलेल्या देणगीला साक्षी राहण्यास रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी नकार दिला होता.

मुलगा किंवा मुलगी अपंग असेल, आपल्या मागे तिचे कोण पाहणार अशी चिंता असेल, तर १८८२ च्या भारतीय विश्वस्त कायद्याखाली खाजगी ट्रस्ट करता येतो. स्थावर मिळकतीचा ट्रस्ट हयातीत करायचा तर दस्त नोंदवावाच लागतो. गाळ्याचे भाडे विश्वस्तांनी घ्यावे आणि त्या मुलाच्या औषधपाण्यावर खर्च करावे, अशी व्यवस्था त्यात बसते.

वक्फ म्हटले की मशीद, कब्रस्तान, दर्गा डोळ्यापुढे येतात. कुटुंबासाठीचा वक्फ-अलल-औलाद १८९४ च्या प्रिव्ही कौन्सिलच्या निकालाने अडचणीत आला होता. १९१३ च्या कायद्याने त्याला पुन्हा मान्यता मिळाली. २०२५ च्या दुरुस्तीनंतर लेखी वक्फनामा असल्याशिवाय नवा वक्फ होत नाही, आणि वक्फ-अलल-औलादने वारसांचा, त्यात स्त्री वारसांचाही, हक्क डावलता येत नाही. वक्फ करणाऱ्याने पाच वर्षे इस्लामचे पालन केल्याचे दाखवण्याच्या अटीला सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ रोजी स्थगिती दिली. तेव्हा वक्फचा विचार असेल तर जाणत्या वकिलाला विचारूनच पाऊल टाकावे.

मुलींचा हक्क बुडवण्यासाठी यांतील कोणताही मार्ग वापरू नये, हे आम्ही स्पष्ट सांगतो. बाप हयात असताना बहिणींकडून लिहून घेतलेल्या हक्कसोडीला आपल्या कायद्यात नुसती तेवढीच किंमत नाही, कारण जो हक्क अजून निर्माणच झाला नाही तो सोडणार कसा?

कागद कसा करावा

वसीयत तोंडीही चालते, पण तोंडी वसीयत सिद्ध करताना साक्षीदारांची आणि नात्यांची परीक्षा होते. म्हणून लिहावी. मराठी, उर्दू, कोणतीही भाषा चालते. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेली बरी. प्रोबेट मुस्लिम वसीयतीला सक्तीचे नाही. कागदात पुढील गोष्टी असाव्यात :

१. मिळकतीची यादी, सिटी सर्व्हे किंवा गट क्रमांकासह. माल, येणे, दागिने, बँक खाती.
२. देण्याची यादी, मेहरसह. राहिलेली जकात किंवा कुणाची अमानत असल्यास तीही.
३. तृतीयांशातून कुणाला किती, पूर्ण नाव व नात्यासह.
४. वसीचे नाव, आणि तो नसल्यास दुसऱ्याचे.
५. तारीख, प्रत्येक पानावर सही, आणि ज्यांना काही मिळणार नाही असे दोन साक्षीदार. वय झाले असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडावा.

वसीयत हयातीत केव्हाही बदलता येते, शेवटची खरी. शेतजमिनीबाबत मात्र सावध राहावे. १९३७ च्या शरीयत कायद्यातून शेतजमिनीचा प्रश्न वगळलेला आहे, आणि भोगवटादार वर्ग २ च्या जमिनीला वेगळे निर्बंध आहेत. सातबारा घेऊन वकिलाला दाखवा. इंतकालानंतर वारसांनी तलाठ्याकडे वारस नोंद वेळेवर करावी. फेरफार म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, पण तो नसला की पुढची सारी कामे अडतात.

ज्याच्याकडे वसीयत करण्याजोगे काही आहे त्याने ती लिहून जवळ ठेवल्याशिवाय दोन रात्रीही काढू नयेत, अशी हदीसची शिकवण आहे. आपण दोन रात्री नाही, वीस-वीस वर्षे काढतो. यंदाचा कापसाचा हंगाम होऊ द्या, लेकीचे लग्न होऊ द्या, हज होऊ द्या, असे म्हणता म्हणता वेळ निघून जातो.

तेव्हा व्यापारी आणि कारागीर बंधूंना आमची विनंती आहे. येत्या जुम्म्याला नमाजनंतर दुकान उघडण्यापूर्वी अर्धा तास काढा. उधारीच्या वहीचे एक कोरे पान घ्या. वर देणे लिहा, त्यात बायकोचा मेहर पहिला. खाली येणे लिहा. आणि शेवटी त्या माणसांची नावे लिहा, ज्यांना तुमच्या मागे वाटा नाही पण ज्यांचे तुमच्याशिवाय कुणी नाही. ते पान घेऊन आलिमांकडे आणि मग वकिलाकडे जा. बाकीचा कागद ते करून देतील. ती नावे मात्र तुम्हालाच लिहावी लागतील.